विश्रामबागवाडा : पेशव्याच्या राहत्या घरापासून नगरपालिकेच्या कचेरीपर्यंत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पुण्याच्या सदाशिव पेठेतून बाजीराव रस्त्याने जाणारा माणूस विश्रामबागवाड्याकडे सहसा मान वर करून पाहत नाही, कारण त्याचे सगळे लक्ष समोरून येणाऱ्या रिक्षेकडे असते. ज्यांची नजर त्या कोरीव सागवानी सज्ज्यावर एकदा तरी ठरते, त्यांना मात्र प्रश्न पडतात. हा वाडा कोणाचा, त्यात कचेऱ्या कशा आल्या, महापालिकेच्या एका क्षेत्रीय कार्यालयाला या वाड्याचे नाव कसे मिळाले, आणि शेजारपाजारचे इतके वाडे गेले असताना हाच कसा उरला, हे त्यांतले नेहमीचे प्रश्न होत. पुढील उत्तरे त्यांच्यासाठी आहेत.

विश्रामबागवाडा कोणी आणि केव्हा बांधला?

हा वाडा शेवटचा पेशवा दुसरा बाजीराव याने बांधला. इमारत १८०७ च्या सुमारास उभी राहिली. बांधकामाला सहा वर्षे लागली आणि सुमारे दोन लाख रुपये खर्च आला. बाजीराव येथे दहा-अकरा वर्षे राहिला. म्हणजे दोन शतकांहून अधिक आयुष्य असलेल्या या इमारतीत ज्याच्यासाठी ती बांधली त्या धन्याचा मुक्काम जेमतेम एका तपाचाही भरत नाही. त्यानंतरचा सगळा काळ विद्यार्थी, शास्त्री, शिक्षक, कारकून आणि कर भरायला आलेले नागरिक यांचा आहे. वाड्याची ओळख केवळ 'पेशव्यांचा वाडा' अशी करून दिली की इतिहासाचा मोठा हिस्सा बाहेर राहतो तो यामुळेच.

शनिवारवाडा असताना बाजीरावाला वेगळा वाडा कशासाठी हवा होता?

याचे एक उत्तर घराण्याच्या आठवणींत आहे आणि दुसरे राजकारणात. शनिवारवाडा ही पेशव्यांची गादीची जागा खरी, पण ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्याचा खून तेथेच झाला होता आणि त्या खुनाचा ठपका बाजीरावाचा बाप रघुनाथराव याच्यावर होता. पुढे १७९५ मध्ये सवाई माधवरावाचा अंतही त्याच वाड्यातल्या पडण्याने ओढवला. अशा वास्तूत रघुनाथरावाच्या मुलाचे मन रमले नसेल, असे पुण्यात पिढ्यान् पिढ्या सांगितले जाते. त्यात तथ्य असावे, परंतु सगळे कारण तेवढ्यात शोधणे योग्य नव्हे.

राजकीय बाजू अशी, की २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकराने पुण्याजवळ पेशव्याच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, बाजीराव पळून वसईला गेला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने इंग्रजांशी तह केला. मे १८०३ मध्ये इंग्रजी फौजेच्या आधारावर तो पुन्हा पुण्यात आला. आता संरक्षणाचा भार तैनाती फौजेवर पडला होता आणि स्वारीवर जाण्याचा प्रसंग पेशव्यावर येत नव्हता. या काळात त्याने शुक्रवार पेठेत आणि बुधवार पेठेतही वाडे बांधले, शिवाय भीमेकाठी फुलगाव येथेही वाडा उठवला. ज्या राज्यकर्त्याचे राज्य हातातून निसटत होते त्याच्या कारकिर्दीत पुण्यात लाकूडकामाचे इतके उंची नमुने तयार व्हावेत, हा विरोधाभास वाडा पाहताना ध्यानात ठेवावा. विश्रामबागवाड्याला शनिवारवाड्यासारखे बुरूज नाहीत, तट नाही, हत्तींना रोखणारे खिळे ठोकलेला दरवाजा नाही. लढाईची जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात घातलेल्या माणसाचे हे घर आहे, आणि ते तसे दिसतेही.

नावात 'बाग' कशी आली?

पेशवाईतल्या पुण्यात बागेचे नाव वास्तूला चिकटून राहणे ही सर्रास गोष्ट होती. तुळशीबाग, बेलबाग, हिराबाग, रमणबाग ही नावे त्याच घडणीची आहेत. तुळशीबागेत आज तुळशी शोधाव्या लागतात आणि बेलबागेत लोक विष्णूच्या दर्शनाला जातात, तसे विश्रामबागेतही आता बाग उरलेली नाही.

बाजीराव रस्त्याचे नाव या वाड्यात राहणाऱ्या बाजीरावावरून पडले आहे का?

नाही. रस्त्याला नाव आहे ते थोरल्या बाजीरावाचे, म्हणजे शनिवारवाडा बांधणाऱ्या पहिल्या बाजीरावाचे. आजोबांच्या नावाच्या रस्त्यावर नातवाचे घर आहे, एवढाच संबंध.

सांगलीचे विश्रामबाग आणि हा वाडा यांचा काही संबंध आहे का?

सांगलीतले विश्रामबाग हे त्या शहराचे स्वतंत्र उपनगर आहे. महाजालावर शोधताना दोन्हींची सरमिसळ होते म्हणून हा खुलासा.

वाड्याच्या बांधणीत विशेष काय आहे?

सर्वांत आधी दर्शनी भाग पाहावा. प्रवेशद्वाराच्या वर पुढे झुकलेला सज्जा आहे आणि तो सगळा कोरीव लाकडाचा आहे. पेशवाईतल्या वाड्यांत ज्यांना 'सुरूचे खांब' म्हणतात ते येथे उत्तम प्रतीचे आहेत. सुरूच्या झाडाप्रमाणे तळाशी भरदार आणि वर निमुळता होत जाणारा हा खांब असतो. त्याच्या बुडाशी पानांची नक्षी असते, माथ्याला केळफुलासारखी घडण असते आणि दोन खांबांच्या मध्ये लाकडी महिरप बसवलेली असते. उत्तरेकडच्या मुघल आणि राजपूत इमारतींतून आलेले हे नमुने मराठी सुतारांनी दगडाऐवजी सागवानात उतरवले, त्यामुळे त्यांना जी मऊ धार आली आहे ती दगडात येणारी नव्हती.

दर्शनी भागामागे एकापाठोपाठ चौक येतात. वाड्याची मोजणी खणांत होते. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. दगडी जोत्यावर लाकडाचा सांगाडा उभा करायचा, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि फळ्या टाकायच्या, आणि मग भिंती विटांनी आणि चुन्याने भरून घ्यायच्या, अशी ही पद्धत आहे. वरच्या मजल्यावरचा दिवाणखाना वाड्याच्या वैभवाची जागा असे. छताला तक्तपोशी, म्हणजे लाकडी फळ्यांचे अस्तर, भिंतींत देवळ्या, खांबांच्या रांगांमधून सरळ जाणारी मोकळी जागा, आणि संध्याकाळी हंड्या-झुंबरांचा उजेड. ही बैठकीची आणि नाचगाण्याची जागा पुढे अगदी वेगळ्याच कामाला आली, ते पुढे सांगितले आहे.

१८१८ मध्ये पेशवाई गेल्यावर वाड्याचे काय झाले?

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, त्याच महिन्यात शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले, आणि १८१८ च्या जूनमध्ये बाजीराव इंग्रज अधिकारी जॉन माल्कम याच्या स्वाधीन झाला. सालिना आठ लाखांच्या नेमणुकीवर त्याला कानपूरजवळ ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरला, पाठवण्यात आले. २८ जानेवारी १८५१ रोजी तो तेथेच वारला. पुण्यातले त्याचे वाडे सरकारजमा झाले.

नव्या सरकारपुढचा पेच विचित्र होता. पेशव्यांच्या काळी दरवर्षी श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे. ती एकदम बंद केली तर शहर बिथरेल, आणि तशीच चालू ठेवली तर कंपनीच्या हिशेबनिसांना ती पटणारी नव्हती. यातून तोड निघाली ती अशी, की दक्षिणेच्या रकमेचा एक हिस्सा विद्येकडे वळवावा. दख्खनचा कमिशनर चॅप्लिन याने ६ ऑक्टोबर १८२१ रोजी पुण्यात संस्कृत पाठशाळा सुरू केली आणि तिला जागा दिली विश्रामबागवाड्यात. पेशव्याच्या नाचगाण्याच्या बैठकांच्या जागी आता व्याकरण, न्याय, धर्मशास्त्र, ज्योतिष यांचे पाठ होऊ लागले. जित राज्यकर्त्याच्या घरात जित समाजाच्याच विद्येला आसन देण्यात चतुराई होती हे खरे, परंतु वाड्याच्या दृष्टीने पाहिले तर त्या निर्णयाने त्याला पहिले जीवदान मिळाले.

या पाठशाळेचा मराठीशी काय संबंध?

संबंध बराच जवळचा आहे आणि त्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. १८३७ पासून पाठशाळेची देखरेख मेजर थॉमस कँडी याच्याकडे आली. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात कँडीचा हात होता, आणि इंग्रजी-मराठी कोश त्याने पूर्णत्वास नेला. मराठी गद्यात स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह यांचा आजचा वापर रूढ करण्यातही त्याचा वाटा मोठा मानला जातो. त्याआधी मोडी लिहिणाऱ्या कारकुनाला शब्दांमध्ये जागा सोडण्याचीही गरज वाटत नव्हती. प्रस्तुत मजकुरातली विरामचिन्हे वाचताना वाचकाने या वाड्याची आठवण ठेवायला हरकत नाही.

याच पाठशाळेत कृष्णशास्त्री चिपळूणकर शिकले. संस्कृत पंडिती परंपरा आणि नवे इंग्रजी शिक्षण या दोहोंना जोडणारी जी पिढी पुण्यात तयार झाली, तिच्या घडणीची एक जागा म्हणजे हा वाडा. १८५१ मध्ये पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज निघाले, पुढे तेच डेक्कन कॉलेज झाले, आणि सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीच्या साहाय्याने येरवड्याच्या बाजूला बांधलेल्या इमारतीत ते १८६८ मध्ये स्थिरावले. कॉलेज गेले तरी शिक्षण गेले नाही. वाड्यात सरकारी हायस्कूल भरू लागले.

वाड्याला आग केव्हा आणि कशी लागली?

१३ मे १८७९ च्या रात्री पुण्यात दोन पेशवेकालीन वाडे पेटले. बुधवार वाडा, ज्यात तेव्हा सरकारी कचेऱ्या होत्या, तो जळून गेला. विश्रामबागवाड्याचा पूर्वेकडचा भाग भस्मसात झाला, पण दर्शनी बाजू बचावली. आज जो कोरीव सज्जा आपण पाहतो तो या बचावामुळे आहे.

त्या दिवसांत वातावरण कमालीचे तापलेले होते. वासुदेव बळवंत फडके यांचे बंड फेब्रुवारीपासून चालू होते आणि फडके हे स्वतः काही महिन्यांपूर्वीपर्यंत पुण्यातल्या लष्करी हिशेबखात्यात नोकरीला होते. त्यामुळे आगीचा संबंध बंडाशी जोडला जाणे स्वाभाविक होते, आणि संशयाची सावली पुण्याच्या सुशिक्षित पुढाऱ्यांवरही पडली. महादेव गोविंद रानडे यांची याच सुमारास तातडीने धुळ्याला बदली झाली आणि तेथे त्यांच्या टपालावर नजर ठेवली गेली. प्रत्यक्षात पुढे निष्पन्न झाले ते निराळेच: सरकारी पुस्तकांच्या भांडारातल्या एका नोकराने आपला अपहार झाकण्यासाठी हा उद्योग केला होता. साम्राज्याविरुद्धचा कट म्हणून ज्याकडे पाहिले गेले ते मुळात हिशेबातल्या तुटीचे प्रकरण होते. कचेरीने वाडा राखला, असे पुढे मी म्हणणार आहे, म्हणून कचेरीतल्याच एका माणसाने तो जाळायला घेतला होता हे आधी नोंदवणे न्याय्य होईल.

जळालेला भाग नंतर पुन्हा बांधून घेण्यात आला. त्यामुळे वाड्याच्या पुढच्या आणि मागच्या भागांच्या बांधणीत फरक दिसतो. तो पाहणाऱ्याचा भ्रम नव्हे.

नगरपालिकेच्या कचेऱ्या वाड्यात केव्हा आल्या?

पुण्याची नगरपालिका १८५७ पासूनची आहे. विश्रामबागवाड्यात तिचा कारभार १९३० ते १९५९ या काळात चालला. १५ फेब्रुवारी १९५० रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली ती याच मुक्कामात. पुढे मुठेच्या पलीकडे शिवाजीनगरला नवी इमारत झाली आणि मुख्य कार्यालय तेथे गेले, पण काही कार्यालये मागे राहिली. महापालिकेच्या विभागणीतही वाड्याचे नाव टिकले. 'विश्रामबागवाडा क्षेत्रीय कार्यालय' हे नाव पुण्यातल्या मध्यवस्तीच्या रहिवाशांना मिळकतकराच्या संदर्भात परिचित आहे, आणि 'विश्रामबाग पोलीस ठाणे' हेही.

एका राज्यकर्त्याच्या खाजगी महालात शहराने निवडून दिलेल्या सभासदांनी गटारे, दिवाबत्ती आणि पाणीपट्टी यांवर वाद घालावेत, याहून पूर्ण सत्तांतर कल्पिणे अवघड आहे. १८१८ मध्ये वाडा एका धन्याकडून दुसऱ्या धन्याकडे गेला होता. तो शहराच्या मालकीचा झाला तो या तीस वर्षांत.

महात्मा गांधींवरच्या बॉम्बहल्ल्याचा या वाड्याशी संबंध आहे, हे खरे का?

होय. २५ जून १९३४ रोजी पुणे नगरपालिकेने गांधीजींना मानपत्र देण्यासाठी बोलावले होते आणि नगरपालिकेचे सभागृह तेव्हा विश्रामबागवाड्यात होते. गांधीजी हरिजन दौऱ्यावर होते. सभास्थानी येणाऱ्या मोटारींपैकी एका मोटारीवर बॉम्ब टाकण्यात आला. काही लोक जखमी झाले, त्यांत नगरपालिकेचे मुख्य अधिकारी आणि पोलीस होते. ज्या मोटारीवर बॉम्ब पडला तीत गांधीजी नव्हते. मानपत्राचा समारंभ रद्द झाला नाही, तो पार पडला. वाड्यासमोर रोज ताटकळत उभे राहणाऱ्या वाहनचालकांपैकी फारच थोड्यांना ही घटना ठाऊक असते.

वाडा कचेरीसाठी इतका सोयीचा कसा ठरला?

एक तर, पेशवाईतला वाडा हे केवळ राहते घर कधीच नव्हते. 'बारा महाल, अठरा कारखाने' हा शब्दप्रयोग ज्या व्यवस्थेतून आला ती वाड्याच्या आवारातच नांदत असे. फडावर कारकून बसत, दफ्तरे बांधली जात, जामदारखान्यात मौल्यवान वस्तू आणि फरासखान्यात तंबू-बिछायती असत. पुण्यातल्या 'फरासखाना' पोलीस चौकीच्या नावात हा शब्द अजून जिवंत आहे. म्हणून घराची कचेरी झाली असे म्हणण्यापेक्षा, घरातली कचेरी उरली आणि घर तेवढे निघून गेले, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

दुसरे कारण बांधणीचे आहे. भार खांब-तुळयांवर असल्यामुळे मधल्या जागेत लाकडी आडभिंती घालून हव्या तेवढ्या खोल्या करता येतात, आणि नको झाल्या की काढूनही टाकता येतात. चौकातून उजेड आणि वारा येतो, म्हणून विजेचे दिवे नव्हते त्या काळातही आतल्या भागात लिहिता येत असे. चौकाभोवतीची ओसरी तर रांगेसाठीच केल्यासारखी असते: माणसे उन्हापावसात उभी राहत नाहीत आणि खोलीतही गर्दी करत नाहीत. दाराजवळच्या देवडीत पूर्वी पहारेकरी बसे, आता तेथे चौकशी करावी. दिवाणखान्याचे सभागृह होण्यासाठी तर काहीच बदलावे लागत नाही, खुर्च्या मांडल्या की झाले. आजच्या सरकारी इमारतींत लांबलचक अंधाऱ्या बोळांतून दालन क्रमांक शोधत हिंडताना मला ही ओसरी नेहमी आठवते.

मग कचेऱ्यांनी वाड्याचे नुकसान केले की भले?

दोन्ही केले, आणि त्यांचा जमाखर्च मांडायचा तर आधी खर्चाची बाजू पाहावी.

लाकडी वाड्याचे शत्रू चार: आग, पाणी, वाळवी आणि वजन. कचेरी या चौघांनाही आवतण देते. बांधून ठेवलेली दफ्तरे अतिशय जड असतात. ज्या पाटणीवर सतरंज्या आणि माणसे यांचाच भार यायचा तिच्यावर लोखंडी कपाटांच्या रांगा उभ्या राहिल्या की कड्या मधोमध वाकू लागतात. कागदाला लागलेली वाळवी कागदापाशी थांबत नाही, ती लाकडात शिरते. जुन्या तुळयांवर खिळे ठोकून ओढलेल्या विजेच्या तारा हा सतत टांगलेला धोका असतो. स्वच्छतागृहांचे नळ ज्या भिंतींत जातात त्या भिंती कायमच्या ओल धरतात. दुरुस्ती करतानाही हातून चुका होतात. चुन्याचा गिलावा पडला की त्या जागी सिमेंट थापले जाते. चुना श्वास घेतो, म्हणजे आतली ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंट ती कोंडून ठेवते आणि मग आतली वीट व लाकूड कुजत जाते. कोरीव सागवानावर दरसाल तैलरंगाचा हात फिरवला की नक्षीतले बारकावे एकेक थर करून बुजत जातात. जुन्या वाड्यांत थाटलेल्या बहुतेक कचेऱ्यांत कमी-अधिक प्रमाणात हेच झाले आहे.

आता जमेची बाजू. पेशव्यांच्या बाकीच्या वाड्यांचे काय झाले ते आठवून पाहावे. शुक्रवार वाडा १८२० मध्ये जळाला. शनिवारवाड्याच्या आतल्या इमारती फेब्रुवारी १८२८ मध्ये जळाल्या. आज उरले आहेत ते तट, दरवाजे आणि जोती. बुधवार वाडा १८७९ मध्ये गेला. विश्रामबागवाडाही त्याच रात्री अर्धा पेटला होता, पण त्याचा उरलेला भाग पाडून टाकला गेला नाही, जळालेला भाग पुन्हा उभा केला गेला, कारण तो कोणाच्या तरी रोजच्या कामाचा होता. वर्गात किंवा टेबलाशी बसलेल्या माणसाच्या डोक्यावर पाणी ठिबकू लागले की कौले फिरवावीच लागतात. रिकाम्या वाड्यात पाणी ठिबकते तेव्हा ते पाहायला कोणी नसते, आणि तीन-चार पावसाळ्यांत तुळईचे टोक भिंतीत कुजून जाते. त्यातच खाजगी वाड्यांवर भाऊबंदकीचे दावे, भाडेकरूंचे प्रश्न आणि वाढत्या जागेच्या किमती येऊन आदळल्या, तशा सदाशिव, नारायण, शनिवार पेठांतल्या वाड्यांच्या जागी सोसायट्या उभ्या राहिल्या. त्यांच्या नावांत तेवढा 'वाडा' किंवा 'वैभव' शिल्लक आहे.

माझे मत विचाराल तर कारकुनांच्या टेबलांनी या वास्तूचे रूप बिघडवले, पण प्राण राखले. रूप बऱ्याच अंशी परत आणता येते.

वाड्याचे जतन कसे करण्यात आले?

वाडा पुणे महानगरपालिकेच्या ताब्यात आहे आणि तिच्या वारसा विभागाने तो टप्प्याटप्प्याने दुरुस्त करून घेतला आहे. अशा कामात पहिले पाऊल भर घालण्याचे नसते, काढून टाकण्याचे असते. नंतर घातलेल्या आडभिंती, पोटमाळे, रंगाचे थर आणि सिमेंटचे गिलावे काढल्यावरच मूळ इमारत काय आहे ते कळते. कुजलेला खांब पूर्ण बदलण्याऐवजी खराब भाग कापून तेथे त्याच जातीच्या लाकडाचा सांधा देणे अधिक बरे. गिलाव्यासाठी पुन्हा चुन्याकडेच जावे लागते. चुना भिजवून मुरवायचा, घाण्यात मळायचा आणि त्यात गूळ, बेलफळाचा गर, मेथी यांसारखे पदार्थ मिसळायचे, ही रीत महाराष्ट्रात गवंड्यांच्या हातांत होती. ती जाणणारे हात कमी होत गेले आहेत, त्यामुळे या कामाला वेळ लागतो आणि लोक 'अजून चालूच आहे का' असे विचारतात.

वाड्यात आता काय आहे?

तळमजल्यावर टपाल कार्यालय आणि आतल्या भागात महापालिकेची काही कार्यालये, ही वाड्याची अलीकडच्या काळातली परिचित मांडणी. 'पुनवडी ते पुण्यनगरी' हे शहराच्या वाढीचा मागोवा घेणारे प्रदर्शनही येथे मांडण्यात आले. दुरुस्तीच्या टप्प्यांनुसार कोणता भाग पाहण्यासाठी खुला आहे हे बदलत असते, म्हणून आत जाण्याच्या इराद्याने येणाऱ्यांनी आधी चौकशी करून यावे. दर्शनी भाग पाहायला मात्र कोणाची परवानगी लागत नाही.

महाराष्ट्रात अशी आणखी उदाहरणे आहेत का?

पुण्यापुरते बोलायचे तर नाना फडणिसांच्या नानावाड्यात शाळा भरली आणि फर्ग्युसन कॉलेज १८८५ मध्ये सुरू झाले ते शनिवार पेठेतल्या गद्रे वाड्यात. नारायण पेठेतला गायकवाड वाडा लोकमान्य टिळकांनी १९०५ मध्ये घेतला आणि तेथे राहते घर, छापखाना व वृत्तपत्राची कचेरी एकत्र नांदली. आज लोक त्याला केसरी वाडा म्हणतात आणि मूळ नाव विसरले आहेत. विश्रामबागवाड्याच्या बाबतीत उलट झाले: कामे बदलत गेली, पण पहिले नाव कायम राहिले.

मुंबईत परळच्या राजभवनाची गोष्टही याच जातीची आहे. गव्हर्नरांच्या त्या निवासस्थानात १८९९ मध्ये प्लेगवरच्या संशोधनाची प्रयोगशाळा आली आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. जेथे मेजवान्या झडत तेथे लस तयार होऊ लागली. परळच्या इमारतीलाही रोजचे काम मिळाले म्हणूनच ती उभी राहिली, असे मला वाटते.

वाडा पाहायला आलेल्याने नेमके काय पाहावे?

गर्दी टाळायची असेल तर सकाळी लवकर, दुकाने उघडण्यापूर्वी यावे. रस्त्याच्या पलीकडच्या पदपथावर उभे राहून सज्ज्याचा पूर्ण आडवा विस्तार एकदा पाहून घ्यावा, कारण वाड्याच्या पायथ्याशी गेल्यावर तो दिसत नाही. नंतर जवळ जाऊन एकाच सुरूच्या खांबावर नजर स्थिर करावी आणि खालच्या पानांपासून वरच्या केळफुलापर्यंत ती सावकाश न्यावी. दोन खांबांची नक्षी ताडून पाहिली तर सुताराचा हात कोठे किंचित वेगळा पडला आहे तेही दिसू लागते. आत प्रवेश असेल तर चौकात उभे राहून वर पाहावे, आणि पुढच्या-मागच्या भागांतल्या लाकडांची जाडी व घडण यांतला फरक शोधावा. १८७९ ची आग कोठवर आली होती याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

आणि टपाल कार्यालय उघडे असेल तर एखादे पोस्टकार्ड विकत घेऊन तेथूनच टाकावे.